स्थळाचा रकाना

एकतीस वर्षं कॉलेजच्या वनस्पतिशास्त्रात
मी शिपाई. झाडपाला जुन्या वर्तमानपत्रांत दाबायचा,
रोज कागद बदलायचे, डांबरगोळ्या टाकायच्या,
देठावर डिंकाची पट्टी बसवायची
अशी, की पान हलू नये आणि तुटूही नये.

टेकडी मीच चढायचो. बाई खाली जीपमध्ये,
गुडघे धरून. मी वरून ओरडायचो,
"बाई, निळं आहे, पाच पाकळ्या, खोडाला लव!"
खालून लॅटिन यायचं.
लेबलवर, संग्राहक : प्रा. कु. बिवलकर.
खोटं नाही म्हणत. बघायला त्यांनीच शिकवलं.
पण चारशे बारा कागद आहेत त्या कपाटात,
आणि लवू घाडीचा त्यांत फक्त अंगठा,
डिंकात उमटलेला, कुठे कुठे.

आता वही माझी. नातवाची, भूगोलाची, अर्धी कोरी.
दर मंगळवारी भांडुपमागच्या डोंगरावर,
पाण्याच्या मोठ्या नळांच्या कडेकडेनं.
टाकळा, आमच्याकडचा टायकळा. कुर्डू. दिंडा.
कानफुटी : फुग्यात तीन काळ्या बिया,
प्रत्येकीवर पांढरा बदाम, पत्त्यांतल्यासारखा.
एक तण, ओळखलं नाही.
तेच तण, पुढच्या मंगळवारी, तरी नाही.

श्रावण सरता सरता करवंदीच्या जाळीत
एक बारीक वेल, त्याला कंदील लागलेले,
बोटाच्या दोन पेरांएवढे, वर पाकळ्यांचा पिंजरा.
बाईंनी हे चित्रातच दाखवलं होतं.
त्यांनीही चित्रातच पाहिलं होतं.
पट्टी लावली. हात हलला. पुन्हा लावली.

"घावला का?" मागे वनशी वरठा,
डोक्यावर स्टेशनला विकायच्या भाजीचा भारा.
तिनं वेलाचं नाव सांगितलं,
कंद कसा उकडायचा, किती मातीत ठेवायचा.
मी सगळं उतरवलं. उंची, तारीख.
कीटक : बारकी माशी, फुलात अडकलेली, जिवंत.
संग्राहकापुढे वनशीचं नाव घातलं
आणि वाचून दाखवलं. वाटलं, खूश होईल.

"खोड त्ये," ती म्हणाली.
"गार्ड वाचल. न् ती कुंडीवाली पोरं,
मागल्या साली अख्खी कड उकरून नेली."

पेननं लिहिलं होतं. गिरवून गिरवून काळं केलं,
पान फाटेस्तोवर.
ज्या रकान्यासाठी माझा जीव
एकतीस वर्षं टांगलेला, तो तिला नको होता.
भारा सावरत ती उतारावर निघूनही गेली.

वेल तोडला नाही. नाव तेवढं कानात ठेवलंय,
इथे लिहीत नाही.
स्थळ : मुंबई.
मुंबई मोठी आहे. शोधा म्हणावं.