मिळाले, पुढे पाठवले

हानूस म्हणाला, तार तर समुद्राखालून सरळ गेलीय,
मग माझं पत्र कोपनहेगनला वळसा का घालतं?

टपालखातं सोडून त्याला अकरा वर्षं झाली.
तोर्शहाव्नमधल्या माझ्या खोलीत तो बूट काढून बसलेला,
ओले मोजे रेडिएटरवर,
आणि स्क्रीनवर त्याच्याच ईमेलची मी उलगडलेली पाठ:
मिळाले. मिळाले. मिळाले.
प्रत्येक यंत्राने आपली वेळ घालून मारलेला शिक्का,
खालून वर वाचायचा.

मी म्हटलं, तुझा भाचा बारेंट्समध्ये, बोटीवर.
त्याची डिश दिवसातून दोनदा आकाशाला सापडते.
तू रात्री दहाला लिहितोस
आणि सगळं बंद करून झोपतोस.
दोघं एकाच वेळी जागे असाल तरच पोचेल,
असं असतं
तर ते पत्र नसतं, हाक असती.

शिवाय अपरात्री अनोळखी हाताने कडी वाजवली
तर कोण उघडतं?
म्हणून एक ओळखीचं दार, तिथून पुढचं.
मधे कोणीतरी जागं लागतं.
पलीकडून ओ आली नाही तर
पंधरा मिनिटांनी पुन्हा, मग तासाने, मग चार तासांनी,
न चिडता.

हानूसने मोजे उलटे केले.
सोर्वागुरच्या धक्क्यावरून
मिचिनेसची बोट सुटत नसे ना, तो म्हणाला,
तेव्हा पिशवी माझ्या पलंगाखाली निजायची.
एकदा नऊ दिवस.
कोणीतरी आत चीज पाठवलेलं.
बायको बहिणीकडे राहायला गेली.

तुझं यंत्र किती थांबतं?

पाच दिवस. मग परत पाठवतं,
पोचवता आलं नाही, असं लिहून.

तो खिडकीकडे बघत राहिला.
एक आहे माझ्याकडे, ब्याऐंशीच्या हिवाळ्यातलं.
बोट लागली तोवर ज्याच्या नावचं
तो चर्चमागे पुरलेला.
पाठवणारीने स्वतःचा पत्ता घातला नव्हता.
परत तरी कुठे करायचं?

मोजे अजून दमट होते. तसेच घालून तो गेला.

मध्यरात्री मी रांग उघडली.
भाच्याची बोट परवापासून आकाशाला सापडली नव्हती.
हानूसचं पत्र, पाच ओळींचं, थांबलेलं.
नियमांच्या फाइलमध्ये गेले
आणि त्याच्यापुरते
पाचाचे दहा केले.