पाचवा तवा

विचिटात, विमानतळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर
एकाच चौकात बर्गरची चार दुकानं.
पाचवं आपलं,
मुख्य कचेरीतून आलेला पोरगा म्हणाला,
आणि त्यानं भिंतीवर नकाशा चिकटवला,
लाल ठिपक्यांचा. गोवर उठल्यासारखा.

व्हर्ना स्टकीनं बावीस वर्षं
इथे कोंबडीच तळली.
तेलाच्या चुरचुरीवरून तिला कळतं,
मांडी झाली, की हाडाशी अजून कच्ची.
आता पुढ्यात सपाट तवा,
आणि खिम्याचा गोळा दाबायला दहा सेकंद,
पोराच्या हातातल्या घड्याळानं मोजलेले.
दाबा. सोडा. उलटा.
ती दाबते, सोडते, उलटते.
मनगटावर एक रेघ भाजते.

पहिल्या दिवशी बाहेर फुगे, फलक:
आता बर्गरसुद्धा!
लोक आले, फलक वाचला,
नेहमीची कोंबडीच मागितली.

तीन वाजता एकानं बर्गर मागितला.
एकच. कांदा नको.
टोपी खिशात कोंबलेली, तरी तिचं पिवळं टोक बाहेर,
समोरच्या दुकानाचं.
पैसे देताना बाही वर सरकली:
मनगटावर रेघा, जुन्या, एकाखाली एक,
पोरांची उंची मोजायला दारावर आखतात तशा.

व्हर्ना काही बोलली नाही.
खारवलेल्या काकडीच्या दोन चकत्या जास्त घातल्या.

तो खिडकीशी बसून सावकाश चावत राहिला.
मध्येच वरचा पाव उचलून आत बघितलं.
जाताना काउंटरशी थांबला,
पोरगा कुठे आहे ते पाहिलं,
आणि हळूच म्हणाला,
"तवा अजून तापू द्या, बाई.
धूर निघेपर्यंत."