काटा अडीचशेवर

मेयोतल्या डॉक्टरीणबाईंनी छातीचा फोटो उजेडाला धरला
आणि पंचफुलाला विचारलं,
बिडी किती वर्षांपासून ओढता?
ती हसली, खोकली, पुन्हा हसली.
तीस वर्षं मडक्यावर लांब रोट्या टाकणारीला
बिडीची गरजच काय.

गॅसवर करून पाहिलं होतं.
मडकं मधोमध करपतं, कडेला कच्चं राहतं,
आणि भोजनालयाचा ढोमणे
रोटी नाकाशी नेतो, काही बोलत नाही,
डबा तसाच परत पाठवतो.

मग शेगड्या पाहत हिंडलो.
इतवारीत एक, पंख्याची, अख्ख्या दुकानात घोंघावणारी.
सक्करदऱ्यात एक, चकचकीत, हात लावला की डुगडुगणारी.
तिसरी हिंगण्याच्या एका शेडमध्ये,
बिडाची, रवंथ करत बसलेल्या म्हशीएवढी,
पोटात मधाच्या पोळ्यासारखी जाळी.
मौंदेकरांची पोरगी म्हणाली,
काका, ही धूर बाहेर सोडत नाही,
त्यालाच पुन्हा जाळते.
मला विश्वास बसेना.
धूर म्हणजे जळून उरलेलं,
त्यात आणखी जळण्यासारखं काय असणार?
पंचफुलाने काही विचारलं नाही.
मडकं घेताना वाजवते तसं
पेरांनी तिला वाजवलं, कान दिला,
आणि पर्समधून भिशीचे पैसे काढले.
बिलावर नाव लिहिताना पोरगी थांबली.
निखारे? खरंच?
खरंच. कोष्ट्यांत असतात.

पहिला आठवडा माझ्यामुळे वाया गेला.
काटा एकशेवीसवर, आणि मी दांडा ओढून मोकळा.
घरभर धूर, जुन्या चुलीपेक्षा कडू.
काऊन घाई करून राहिले जी, ती म्हणाली,
रोटी फाटली तर दुसरी होते,
जाळी काय मी हातावर लांबवू?
तेव्हापासून पाटावर बसून काट्याकडे पाहतो.
एकशेऐंशी. दोनशेदहा.
दोनशेदहावर तो बराच वेळ अडून राहतो,
का ते कुणाला माहीत नाही.
अडीचशेवर दांडा. टक्.
आतला जाळ आधी मंदावतो,
मग जाळी हळूहळू लाल होते,
कुणी न फुंकता.

ओलं लाकूड चालत नाही. रंगाचं नाही,
प्लायवूड नाही, पन्नी तर मुळीच नाही.
आरागिरणीत बाभळीचे दोन तुकडे
मी आता एकमेकांवर आपटून घेतो,
टण् वाजलं तर यंदाचं,
थप् वाजलं तर पुढच्या साली.
गिरणीवाला म्हणतो, निखारेभाऊ,
लाकडं घेऊन राहिले का तबला?

पौषात पारा सातावर आला आणि सरपण संपलं.
मागच्या खोलीत बाबांचा माग होता,
सुटा करून भिंतीला टेकवलेला,
पस्तीस वर्षं कुणी न हलवलेला.
मी कुऱ्हाड घेतली. खरं सांगतो, घेतली.
सागाचं आहे, म्हटलं, चांगलं जळेल.
पंचफुलाने हत्यावरून बोट फिरवलं,
बोट नाकाशी नेलं, ढोमणेसारखं.
याच्यात तेल मुरलंय, म्हणाली.
तेल, आणि मामंजींच्या तळहाताचा घाम.
जाळीला सोसायचं नाही.
एवढंच. माग वाचला तो
बावीस हजारांच्या शेगडीच्या नाजूक पोटामुळे,
माझ्या मायेने नव्हे.
त्या दिवशी आम्ही रोट्या केल्याच नाहीत,
पोहे आणून खाल्ले, गोधडीत बसून.

समोरच्या सोनकुसऱ्यांचं घड्याळ मात्र बंद पडलं.
आमच्या धुरावर ते पाच वाजले म्हणायचे.
आता नळकांड्याच्या तोंडाशी नुसती हवा थरथरते,
पलीकडची चिंच त्यातून वाकडी दिसते.
ते गच्चीवरून ओरडतात, पेटली का वो?
आणि आम्ही दोघं आतून,
पेटली!

पंचफुला आता रात्री एकदाच खोकते, कधी तेही नाही.
ती खोकली नाही की मी जागा होतो.
कोपरापर्यंत लांबवलेली रोटी मडक्यावर टाकून झाली
की तिचा पदर अजून डोळ्यांकडे जातो.
डोळे कोरडे असतात.
पदर पुसतो तरी.