एक वार, दोन वार

हर्णैच्या पुळणीवर एकेचाळीस वर्षं
मी पुकारा करतोय.
बैलगाडी पाण्यातून वर येते, टोपली वाळूत टेकते,
आणि तिथून माझ्या मालाचं आयुष्य सुरू होतं,
म्हणजे संपायला लागतं.
साडेपाचची सुरमई साडेसहाला तीच राहत नाही.
हे मी कुणाला समजावत नाही. भाव सांगतो.

त्या संध्याकाळी मात्र मी गिऱ्हाईक होतो.
बोर्दोच्या कुठल्याशा हॉलमध्ये पुतणी उर्मी बसलेली,
हातात नंबराची पाटी, कानाला फोन,
आणि या टोकाला मी, बर्फाच्या कारखान्यामागे,
जिथे रेंज येते.

लॉट दोनशे सोळा. बाटली एक. साल त्र्याऐंशी.
यादीतलं तिने मराठीत वाचून दाखवलं:
वाइन मानेतून खांद्यापर्यंत उतरलेली,
लेबलाला ओल, बूच बरं,
एकाच घराच्या तळघरात सगळी वर्षं काढलेली.
हात लावून बघता येतं का? मी विचारलं.
नाही, काका.
कल्ला उचलायचा नाही, डोळा बघायचा नाही,
आणि चाळीस वर्षांच्या मालावर बोली लावायची!
चाळीस तासांचा बोंबील मी मांजराला घालत नाही.

कशाला घेताय, हे घरातून विचारून झालंच होतं.
त्र्याऐंशीत मी चौदाचा. बापाचा घसा बसला,
म्हणून मला उपड्या टोपलीवर उभं केलं.
एवढंच. जास्त कारण नव्हतं.

पुकारणारा फ्रेंच बोलत होता.
शब्द एक कळला नाही, श्वास सगळे कळले.
कुठे तो मुद्दाम घाई करतोय,
कुठे मागच्या रांगेतल्या कुणाला नजरेने उठवतोय,
आणि शेवटच्या आकड्याआधीची ती फट,
जिच्यात मी रोज उभा असतो.
फोनवर दिसत नाही हे विसरून
मी बोट वर केलं.
"काका, तोंडाने बोला!" उर्मी ओरडली.

तीनशे नव्वद युरो.
वर दलाली वेगळी.
तिथेही! मला हसूच आलं.
मथुरेला हसू आलं नाही. तिने जाळ्यांचा हिशेब घातला.

शिमग्याला उर्मी आली, बाटली स्वेटरात गुंडाळून.
दोन दिवस उभी ठेवा, म्हणाली, गाळ बसू दे.
तांदळाच्या पिंपात ती मानेपर्यंत उभी राहिली.
तिसऱ्या संध्याकाळी बूच अर्धं तुटून आत पडलं.
मथुरेने सोलकढीचं फडकं आणलं, गाळून घेतली,
स्टीलचे चार पेले.
रंग लाल नव्हताच, भिजल्या कौलाचा होता.
मथुरा वास घेऊन म्हणाली,
रातांब्याची सालं सुकतात ना पडवीत, चौथ्या दिवशी, तो.
शेजारचा दामू चोगले म्हणाला, छे, पानाचा डबा.
दोघं त्यावरून भांडले.
मी घोट तोंडात धरला.
गोड नाही, आंबट नाही,
पलीकडच्या खोलीत कुणीतरी हळू बोलतंय तसं.

वीस मिनिटांत ती जायला लागली.
जुनीचं असंच असतं, उर्मी म्हणाली, हवा सोसत नाही.
आधी वास गेला, मग ते बोलणं,
पेल्यात नुसतं तांबूस पाणी उरायला लागलं.
माझ्या तोंडून सवयीनं निघालं:
उचला, उचला, माल उतरतोय!
चौघांनी एकदम पेले रिकामे केले.

सकाळी भंगारवाला सायकल घेऊन दारात.
बाटली उलटी केली, बुडाचा खळगा बघितला,
काचेचे दोन रुपये म्हणाला.
मी पायरीवर चढलो.
दोन रुपये, एक वार.
दोन रुपये, दोन वार.
मग ती फट.
आतून मथुरेने
तांदूळ धुता धुता
ओलं बोट वर केलं.