डबा

डब्यावर कोरलंय : कु. द. आठल्ये, १९८७.
आमच्या धनकवडीच्या सोसायटीत
या नावाचं कुणी राहत नाही.

डबा मात्र फिरतो.
मंगळवारी माझी मुगाची उसळ घेऊन गेला,
आला तो बी-विंगची भरली वांगी घेऊन,
तिखटजाळ.
संक्रांतीला गुळपोळी, कडेपर्यंत गूळ न पोचलेली.
ईदला तांबोळींचा शीरखुर्मा.
दिवाळीत मोडक्या चकल्या,
अख्ख्या पाहुण्यांसाठी ठेवून.

रिकामा परत करायचा नाही, एवढंच ठरलेलं.
कुणी ठरवलं, कोण जाणे.

परवा दारात डबा.
उघडला तर चिमूटभर साखर.
खानविलकरांकडे दोन दिवस गॅस पेटला नव्हता
आणि मला पत्ता नाही.

भात मऊच लावला.
वरणात हिंग जरा जास्त.

साखर बशीत काढून ठेवलीय.
अजून खाल्ली नाही.