तूट

अडत दुकानातलं जुनं पट्टीबुक, मागची पानं कोरी.
त्यात चार रकाने आखले :
यंत्र, दर, तूट, पदरात काय.

पहिलं परदेशातलं. नुसता बोर्ड.
डबा नाही, पंखा नाही, एक लाख अडतीस हजार,
वर कस्टमवाले लावतील ते.
त्या प्रणालीला दुसरं काही चालत नाही,
आणि असे बोर्ड जगात मोजकीच माणसं बनवतात,
मागणी भरली तर.
दीडशेच्या दराने धरला
तर एकसष्ट बॉक्स हिरवा बेदाणा,
वर थोडे सुटे.
एवढा माल माझ्या हातून रोज जातो.
माझा नसतो, एवढंच.

दुसरं मिरजेत, दस्तगीर नदाफच्या भंगारात :
पेढ्याच्या खोक्याएवढा पांढरा डबा,
लग्नपत्रिकांचा एक छापखाना बंद पडला तेव्हा आलेला.
दस्तगीरला प्रणाली कळत नाही,
पण गिऱ्हाइकाचा चेहरा कळतो.
खांद्यावरचा टॉवेल त्याने आमच्या हातांवर टाकला,
त्याचा आजा बैलबाजारात टाकायचा तसा,
आणि आत माझी चार बोटं धरली.
मी त्याची तीन दाबली.
"चौगुलेसाहेब, खिलार बघताय काय?"
साडेतीन हजारांवर टॉवेल निघाला.
पण परवाना निराळा, तोही युरोत,
आणि तो नसेल तर अर्ध्या तासाने
सगळं यंत्र पेंगायला लागतं,
दुपारी तीनच्या आमच्या हमालांसारखं.
तुटीच्या रकान्यात लिहिलं : झोप.
डबा तिथेच ठेवून आलो.

येता येता तिसरं दिसलं. लॅपटॉप, किलोवर.
एकोणीसच्या पुरात खणभागात
दोन दिवस पाण्याखाली होता म्हणे.
दोन किलो तीनशे ग्रॅम, एकशेवीसचा दर,
दोनशे शहात्तर झाले, वरचे सहा त्याने सोडले.
मेमरी चारशे, डिस्क नऊशे, स्पिरिट साठ.
एक हजार सहाशे तीस.
बटणांखालून निघालेला कृष्णेचा गाळ
मोजला नाही.

प्रणाली फुकट. कोणी कोणी
नोकरीवरून आल्यावर रात्री लिहितात,
वीस वर्षं झाली, अजून अर्धी आहे.
बटण दाबलं. घड्याळ लावून बघितलं.
अकरा सेकंद.
निळा पडदा, एका कोपऱ्यात पिवळी पट्टी,
कोणी काही विकत नाही, कोणी पासवर्ड मागत नाही.

तूट लिहायला दोन ओळी पुरल्या नाहीत :
आवाज नाही. वायफाय नाही.
प्रिंटर ओळखत नाही. झाकण मिटलं तर परत उठत नाही.
यार्डात तूट धरतात ती शेतकऱ्याच्या पट्टीत,
किलोमागे किती ते आधीच ठरलेलं,
आणि ती लिहिणारा हात माझा.
इथे मीच माल, मीच अडत्या,
तरी आकडा लिहिताना पेन तसंच अडखळलं.

त्रिशला चहा घेऊन आली.
म्हटलं, थांब, तुझं नाव उमटवतो.
त आला. पाय मोडला तो मोडलेलाच राहिला.
र लांब जाऊन उभा.
वेलांटी तिसऱ्याच्याच दारात.
तिने चष्मा वर केला, वाकून बघितलं.
"कोण म्हणायची ही?"
मग कप वहीवरच ठेवून म्हणाली,
"करतं काय हे?"

सुरू होतं, म्हणालो.

चौथा रकाना अजून रिकामा आहे,
चहाचं गोल बूड सोडलं तर.
त्या रात्रीच्या माणसांपैकी एकाला
मी मोडलेल्या त्रचा फोटो पाठवला.
त्याने विचारलं, हे अक्षर एक आहे की दोन?
एक, लिहिलं. खोडलं.
दोन, पण एकच, असं लिहिलं.
अजून उत्तर नाही, तिकडे दिवस असेल.

पहिल्या ओळीतला आकडा मात्र
दर महिन्याला पुन्हा बघतो,
घ्यायचा नाही तरी.
काल एक चाळीस होता.