पात्याचं कापरं

संखेड्याहून पंचवीस फळ्या परत आल्या,
वरच्या फळीवर खराद्याने खडूने लिहिलेलं: लाटा.
शेठ म्हणाले, साग ओला होता.
हसमुख म्हणाला, मोटार.
मी एक फळी दाराशी नेली, उजेडाला तिरपी धरली.

बघ, हसमुख.
तळ्यावरून वारा गेल्यासारखं हे जे दिसतंय
ते लाकडाचं नाही.
कापताना पातं थरथरलं,
आणि पात्याला खोटं बोलता येत नाही.

पानीगेटच्या या लातीत माझं बाविसावं वर्ष.
बाबांचा हातोडा माझ्याकडे आला,
त्याची मूठ माझ्या हाताला अजून मोठीच.

आधी सोपं बघायचं.
बेल्ट उतरव. फ्लँज केरोसीनच्या चिंधीने पूस.
राळेचा कण, तांदळाच्या कणीहून बारीक,
तिथे अडकला तर काठाला अर्ध्या सुताचा झोल.
दात मोज. एखादा जास्त झुकला
तर तो एकटाच सगळ्यांच्या वाटचं चावतो.

कण नव्हता.
दातही शहाणे होते.

मग पातं ऐरणीवर घेतलं.
बाबा म्हणत, काठ तापतो, पसरतो, त्याला जागा हवी,
म्हणून मधलं अंग आधीच ठोकून सैल ठेवायचं.
उभं असताना लुळं दिसेल. दिसू दे.
पळायला लागलं की ताठ.
मी तेरा वर्षांची होते,
लुळं म्हणजे बिघडलेलंच, असं कितीतरी दिवस वाटत राहिलं.

दुपारभर ठोकलं.
सरळपट्टीखालची फट पाहिली,
आवाज कुठे बोदा होतो ते ऐकलं.
लावलं, चालू केलं,
आणि ते पुन्हा कण्हलं.

तेव्हा कुठे नजर पुलीवर गेली.
नवी. लहान.
दिवाळीत शेठनी बसवलेली,
रोज दोनशे फूट जास्त निघावं म्हणून.
मला कुणी सांगितलंच नव्हतं.

प्रत्येक पात्याचा एक वेग असतो, हसमुख,
तिथे पोचलं की कितीही ठोका,
त्याला कापरं भरतंच.
त्याच्या अलीकडे थांबायचं.

जुनी पुली भंगाराच्या पिंपात सापडली.
शेठ अर्धा तास बोलले,
गुजरातीत, मग मराठीत, मग आकड्यांत.
मी नट आवळत होते.

संध्याकाळी पहिली फळी निघाली.
हसमुखने डोळे मिटून तिच्यावर तळवा फिरवला.
ताई, काहीच लागत नाही.
मी म्हटलं, भुसा झाड.
उद्या बाभूळ आहे.